लाल तांदळाच्या कॅप्सूल

तात्यांनी माझ्याकडे हात मागितला तो सोमवार होता. सकाळचे सव्वासहा वाजले असतील. पंचा गुंडाळून ते न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसले होते आणि उठत नव्हते. मला वाटलं, साबण वगैरे काही शोधतायत. मी चहाचं आधण ठेवायला वळले, तेवढ्यात ते म्हणाले, "शैला, जरा हात दे."

लग्न होऊन मला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. माझे सासरे केशव बाबर हे फलटणच्या शाळेत एकतीस वर्षं खेळाचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यावरही रोज संध्याकाळी ते मैदानावर जाऊन मुलांना मल्लखांब शिकवत. वय चौसष्ट. एरंडेलानं गुळगुळीत झालेल्या खांबावर ते मांडीच्या पकडीवर उलटे लटकायचे आणि तसेच लटकून खालच्या मुलांना सूचना द्यायचे. असा माणूस दीड वीत उंचीच्या उंबऱ्यावरून उठायला हात मागत होता.

मी हात दिला. त्यांचा सगळा भार माझ्यावर आला. भिंतीला टेकून उभे राहिल्यावर ते म्हणाले की मांड्या भरून आल्यात, परवा उन्हात पोरांना खांबावर दोनदोनदा दसरंग करून दाखवला, त्याचं असेल. शाळेचं स्नेहसंमेलन जवळ आलं होतं आणि तालमी जोरात चालल्या होत्या. मल्लखांबवाल्याच्या घरात अंगदुखीला कोणी विचारत नाही. आठ-दहा दिवस ते जिना उतरताना कठडा धरत होते. ते मी पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं.

"सुहासला बोलू नको," एवढं त्यांनी बजावलं. सुहास, माझा नवरा, त्या दिवशी कोल्हापूरला गेला होता. तीन दिवसांचं कसलं तरी विक्रीचं शिबिर होतं.

मी डॉक्टर ओसवालांच्या दवाखान्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. लॅब तळमजल्यावर, वर डॉक्टरांची तपासणीची खोली आणि दहा खाटा. दहाच्या सुमारास तात्या लॅबच्या दारात आले. रिक्षानं आले होते. गावात ते सायकलशिवाय कुठं जात नसत. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "लघवीचा रंग काही बरोबर वाटत नाही," आणि घरून आणलेली बाटली टेबलावर ठेवली.

बिनदुधाच्या चहासारखा रंग होता. मी पट्टी बुडवली, तर पट्टी रक्त दाखवत होती. मग थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यात रक्ताची एकही लाल पेशी नव्हती. पट्टी म्हणते रक्त आहे, डोळा म्हणतो नाही. असं कधी होतं ते मी कॉलेजात शिकले होते, प्रत्यक्षात तोवर पाहिलं नव्हतं. स्नायू फुटायला लागले की त्यांच्यातला रंग रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांतून बाहेर पडायला बघतो. जाता जाता मूत्रपिंडं तुंबवतो.

मी तात्यांचं रक्त काढलं. नेहमीसारखं त्यांनी मान न वळवता सुईकडे पाहिलं. स्नायूंची तपासणी लावली. मशीनला आकडा वाचता येईना. सीरम पातळ करून पुन्हा लावलं, पुन्हा पातळ केलं. दोनशेच्या आत असायला हवा तो आकडा अठ्ठेचाळीस हजार आला. मूत्रपिंडाचा क्रिएटिनिन दोनच्या वर होता. मी दोन्ही आकडे रिपोर्टवर लिहिले, सही केली, कागद घेऊन वर गेले. जिना चढताना माझ्या मनात काय होतं ते आज आठवत नाही. बहुतेक काहीच नव्हतं.

डॉक्टरांनी कागद वाचला आणि खुर्ची तात्यांच्या जवळ ओढली. तात्यांची कोलेस्टेरॉलची गोळी त्यांनीच सात महिन्यांपूर्वी सुरू केली होती. गोळी चांगली आहे, हजारो लोक घेतात, पण क्वचित एखाद्याच्या स्नायूंना बाधते, असं त्यांनी समजावलं. आता ती बंद. लगेच ॲडमिट व्हायचं आणि भरपूर सलाइन घ्यायचं. मग त्यांनी विचारलं, "गोळीशिवाय दुसरं काही घेता का? चूर्ण, पावडर, कोणी दिलेलं काही? एवढ्या कमी डोसवर एवढा आकडा येत नाही म्हणून विचारतो."

"नाही," तात्या म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "शैलाताई, घरी काही देता?"

"नाही," मी म्हणाले.

खरं काय होतं ते सांगण्याआधी सुहासबद्दल सांगायला हवं.

सुहास बियाण्यांच्या एका कंपनीत विक्रीचं काम बघत होता. ती नोकरी गेली. त्यानंतर दीड वर्ष तो घरात होता. पहिले काही महिने अर्ज केले, मग तेही थांबलं. दाढी करायचा नाही, जेवायला हाक मारली तर यायचा, नाही मारली तर यायचा नाही. एकदा दुपारी नीरा कालव्याच्या पुलावर तो दोन तास कठड्याला टेकून उभा होता. तात्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं पाहिलं आणि गाडीवर मागं बसवून घरी आणून सोडलं. तात्यांनी त्याला काही विचारलं नाही. मीही नाही. पण त्या दिवसापासून आम्ही दोघं सुहासभोवती पाय न वाजवता वावरायला लागलो. त्याबद्दल आमचं आपसात कधी बोलणं झालं नाही.

मग एक मित्र त्याला कसल्या सभेला घेऊन गेला आणि तो कॅप्सूलची पेटी घेऊन परतला. डबीवर लाल भाताच्या लोंबीचं चित्र होतं. लाल तांदूळ खास पद्धतीनं आंबवून केलेली, कोलेस्टेरॉल उतरवणारी, संपूर्ण नैसर्गिक. ओळखीच्यांना विकायची, त्यांनी पुढं आपल्या ओळखीच्यांना. दुसऱ्या दिवशी सुहास सकाळी सहाला उठला. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मी स्वयंपाकघरातून बघत होते आणि तात्या ओसरीवरून बघत होते.

पहिली डबी त्यानं वडिलांना दिली. लहानपणी सुहास एकदा खांबावरून पडला होता, त्यानंतर तो मैदानाकडे फिरकला नाही. बापलेकांत देण्याघेण्यासारखं फारसं काही उरलेलं नव्हतं. तो म्हणाला, "तात्या, ती गोळी सोडा. आयुष्यभर लागते ती. हे तीन महिने घ्या, मग रक्त तपासू."

तात्यांनी डबी घेतली. गोळी सुरू करण्याआधीच्या रिपोर्टमध्ये त्यांचं वाईट कोलेस्टेरॉल दोनशेबारा होतं, आणि त्यांचे थोरले भाऊ पन्नाशीतच झटक्यानं गेले होते. त्यामुळे गोळी सोडणं धोक्याचं होतं. शेवटी असं झालं की तात्या दोन्ही घ्यायला लागले. कॅप्सूल रात्री जेवण झाल्यावर, सुहाससमोर. गोळी दुपारी लॅबमध्ये येऊन, माझ्यासमोर. गोळ्यांची पाकिटं माझ्या टेबलाच्या खणात असत. सुहासला वाटत होतं गोळी सुटली, आणि डॉक्टरांना कॅप्सूलचा पत्ता नव्हता.

दोन महिन्यांनी मी तपासणी केली तर दोनशेबाराचे चौऱ्याहत्तर झाले होते. सुहासनं तो रिपोर्ट हातात धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. मग त्यानं त्याच्या झेरॉक्स काढल्या. सभांमध्ये तो त्या दाखवायचा. खाली माझी सही होती. मला ते दिसत होतं. रोज इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडणारा माणूसही दिसत होता.

म्हणून सोमवारी मी नाही म्हणाले. हो म्हटलं असतं तर सगळंच उलगडलं असतं, आणि सुहास कोल्हापुरात एकटा होता. शिवाय गोळी बंद झालीच आहे, आता आकडा आपोआप उतरेल, असा मी हिशेब केला. संध्याकाळी सुहासचा फोन आला तेव्हा तात्यांनीच घेतला. उन्हामुळे अंगातलं पाणी कमी झालंय, दोन बाटल्या लावल्यात, तू तुझं काम उरकून ये, असं त्यांनी सांगितलं. आवाज नेहमीचाच होता.

मंगळवारी मी पुन्हा रक्त काढलं. एकसष्ट हजार. क्रिएटिनिन साडेतीन. सलाइनच्या बाटल्यांमागून बाटल्या चढत होत्या आणि लघवी मात्र वाटीभरही होत नव्हती. डॉक्टर रिपोर्टकडे बघत राहिले. गोळी थांबल्यावर आकडा इतका चढायला नको होता, असं ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. दुसरा काही आजार असेल, स्नायूचा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. मी ऐकलं आणि खाली येऊन दुसऱ्या पेशंटच्या साखरेच्या तपासण्या लावल्या. त्या दिवशी मी एकवीस जणांचं रक्त काढलं.

बुधवारी सकाळी मी तात्यांसाठी पेज घेऊन गेले. त्यांना पाठीशी उशी लावून बसवावं लागलं, मान धरवत नव्हती. पेपर वाचायचा म्हणून त्यांनी चष्मा मागितला. उशाखालचं चष्म्याचं घर मी उघडलं. चष्म्याखाली, पुसायच्या फडक्यात गुंडाळलेल्या पाच कॅप्सूल होत्या.

मी त्या तळहातावर घेतल्या. लालसर विटकरी रंगाच्या.

"इथंही घेताय?"

त्यांनी माझ्या तळहाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "तीन महिने पुरे व्हायला थोडेच दिवस राहिलेत. सुहास आला की विचारील, किती राहिल्या म्हणून. गोळीचं एक खोटं चाललंच आहे त्याच्याशी. दुसरं नको वाटतं."

मी त्यांना म्हणाले की मी आता डॉक्टरांना सांगते. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. पण ते बोलायला लागले, अगदी हळू, दोन शब्द बोलून थांबत.

"सांग. पण तू दोन्ही घ्या म्हणाली होतीस, ते नको सांगू. ते इथं निघायचं कारण नाही. मी माझ्या मनानं घेत होतो."

हो, मीच म्हणाले होते. सुहासनं डबी दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी तात्या ती लॅबमध्ये घेऊन आले होते. माझ्यासमोर ठेवून त्यांनी विचारलं, "तुझं शिक्षण यातलं आहे. काय करू? डॉक्टरांना विचारू का?" डॉक्टर वरच होते, जिन्याच्या अठरा पायऱ्यांवर. मी डबी हातात घेतली, उलटी करून बारीक अक्षरं वाचली. मला काही कळलं नाही. मी म्हणाले, "कशाला विचारायचं? ते ओरडतील आणि बंद करायला लावतील. तांदळाचं पीठ आहे हे. त्यानं काय व्हायचंय? दोन्ही घ्या, तात्या. गोळीनं तुमचं काम होईल आणि यानं त्याचं." ते हसले होते. डबी खिशात टाकून मैदानावर गेले होते.

मी कॅप्सूल फडक्यात गुंडाळून डॉक्टरांच्या खोलीत गेले. तात्या या घेत होते, सुहासनं दिलेल्या, असं सांगितलं. डॉक्टरांनी एक कॅप्सूल उचलली आणि डबी कशी होती ते विचारलं. मग खाली बसले.

"शैलाताई, या आंबवलेल्या लाल तांदळात जे कोलेस्टेरॉल उतरवतं ना, ते गोळीच्याच जातीचं औषध आहे. नैसर्गिक म्हणून निराळं नव्हे. आणि किती आहे ते डबीवर नसतंच. म्हणजे ते एकाच औषधाचे दोन डोस घेत होते. त्यात हे वय, ऊन, ती कसरत." कॅप्सूल टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, "तुम्हाला हे केव्हा कळलं?"

"आज," मी म्हणाले. "चष्म्याच्या घरात सापडल्या."

त्यांनी मान हलवली आणि साताऱ्याला फोन लावला. तिथं डायलिसिसची सोय होती.

सुहास दुपारी कोल्हापूरहून थेट दवाखान्यात आला. ॲम्ब्युलन्स दाराशी उभी होती. डॉक्टरांनीच त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मी तात्यांचे कपडे पिशवीत भरत होते आणि उघड्या दारातून मला सुहासची पाठ दिसत होती. त्याच्या खांद्याला शिबिरात मिळालेली नवी बॅग होती. त्यानं एकच प्रश्न विचारला, "म्हणजे ते गोळी घेत होते?" डॉक्टर हो म्हणाले. तो मागं वळला. मला वाटलं, आता तो खाली बसेल. तो आला, तात्यांच्या पायांखाली हात घातले आणि वॉर्डबॉयबरोबर त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. तात्या त्याला म्हणाले, "उगीच धावपळ झाली तुझी." तो म्हणाला, "बोलू नका आता."

साताऱ्यात दोनदा डायलिसिस झालं. शुक्रवारी तात्यांना जरा बरं वाटलं, खांबाला तेल लावायला सांग पोरांना, असं म्हणाले. शनिवारी ते कोणाला ओळखत नव्हते. रक्तातलं पोटॅशियम चढत गेलं आणि रविवारी सकाळी साडेनऊला हृदय थांबलं. मी बाहेर बाकावर होते. नर्सनं सांगितल्यावर मी तिला शेवटचा आकडा विचारला. तिनं सांगितला. मी तो लक्षात ठेवला, अजून आहे.

मैदानावरून नेताना तिरडी खांबापाशी थांबवली होती, एवढं आठवतं. मुलं ओळीनं उभी होती. मला रडू आलं नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय, रडू दे तिला. पण तसं काही नव्हतं. दाढ काढताना इंजेक्शन दिलं की जीभ गालाला लागते आणि कळत नाही, तसं सगळं अंग झालं होतं.

मला भीती होती ती सुहासची. दहाव्याचं झाल्यावर तो सकाळी उठला, दाढी केली, कपाटातून ज्यांना ज्यांना कॅप्सूल दिल्या होत्या त्यांच्या नावांची वही काढली आणि बाहेर पडला. चार दिवस तो घरोघरी फिरला. फलटणमधली घरं झाली, मग गुणवरे, बरड, निंबळक. दारात उभा राहून तो विचारायचा, तुम्ही कोलेस्टेरॉलची गोळी घेता का? घेत असाल तर आधी डॉक्टरांकडे चला. माझे वडील दोन्ही घेत होते, ते गेले. डबी परत मागायचा. काहींनी दारातून हाकललं, एकानं भावकीसमोर शिव्या घातल्या. तो ऐकून घ्यायचा आणि पुढच्या घरी जायचा. बरडच्या एका शिक्षिकेच्या पायात गोळे येत होते, ती दोन्ही घेत होती. सुहास तिला त्याच दिवशी ओसवालांकडे घेऊन आला. रक्त मीच काढलं. आकडा नऊशे होता. दोन्ही बंद केल्यावर तीन आठवड्यांत उतरला.

ज्या माणसाला मोडू नये म्हणून मी आणि तात्या गप्प राहिलो होतो, तो मोडला नाही. पुढं तो दूध संघात लागला, आज तिथं सुपरवायझर आहे. त्याला वाटतं त्याच्या हातून वडील गेले. हे तो कोणापासून लपवत नाही. आमच्या मुलीलाही त्यानं ती कळती झाल्यावर सांगितलं, मी शेजारी बसले होते.

घरोघरी फिरण्याच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी तो शेवटच्या डब्या घेऊन घरी आला. अंगणात बसून एकेक कॅप्सूल फोडून त्यानं पावडर बादलीतल्या पाण्यात टाकली. पाणी लाल होत गेलं. मी पायरीवर बसून मेथी निवडत होते. त्यानं पुढची डबी उघडली. मग हात न थांबवता म्हणाला, "एकच कळत नाही मला. तात्या तसे विचारल्याशिवाय काही करायचे नाहीत. घरात तू यातली होतीस. निदान तुला तरी विचारायचं."

मी जुडीतली पिवळी पानं काढून टाकली.

"हो ना," मी म्हणाले. "विचारायला हवं होतं."